बाबांना सांभाळेल अशी गल्ली

मोठ्या हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तिने ते आधी सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा चढवला, पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ड्यूटी कुठल्या मार्गावर?"

"मार्गावर नाही बाबा, एक्स-रे विभागात. आपल्याला दुसऱ्या गावी जावं लागणार."

"मग पहिली गाडी किती वाजता?"

असं दीड वर्ष चाललं होतं. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती, आणि एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडाही येऊ दिला नव्हता. आता डोक्यातून एकेक गोष्ट उतरून गेली होती. चालू महिना, घरचा पत्ता, स्वतःच्या मुलाचं मरण, काहीच राहिलं नव्हतं. ड्यूटी तेवढी राहिली होती. सकाळ झाली की ते दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दार उघडून चालू लागायचे.

जुन्या गावात त्याची फारशी काळजी नव्हती. अर्धं गाव त्यांच्या गाडीत बसून शाळेला आणि कामाला गेलेलं. कुणी ना कुणी त्यांना हाताला धरून घरी आणून सोडायचं. ती ज्या लहान दवाखान्यात एक्स-रे काढायची तोही दोन गल्ल्या टाकून होता. पण तिथले डॉक्टर थकले, त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं, आणि तिला दुसरीकडे हातपाय मारणं भाग पडलं.

फोनवर दीर म्हणाले, "वहिनी, आता बाबांचं काहीतरी बघायला हवं. मी एक संस्था पाहून ठेवली आहे. स्वच्छ आहे, जेवण वेळेवर. आणि फाटकाला कुलूप असतं, म्हणजे बाहेर जायची भीती नाही."

दीर वाईट नव्हते. दोन खोल्यांत तीन मुलं घेऊन राहणारा माणूस, त्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. पण तिच्या कानात कुलूप तेवढं अडकून बसलं. "बघते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

या माणसाला कुलपात ठेवणं तिला जमणारं नव्हतं, त्याला कारण होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी, पोरगी रांगत असताना, तिने एक्स-रेचा कोर्स करायचं मनात आणलं. नवरा म्हणाला, पोरीचं कोण बघणार? सासू आधीच गेलेली. तेव्हा बाबांनी डेपोत जाऊन स्वतःची सकाळची ड्यूटी बदलून दुपारची मागून घेतली. सकाळची ड्यूटी म्हणजे त्यांच्या ज्येष्ठतेचा मान होता, तो त्यांनी सोडला. दोन वर्षं ती सकाळी वर्गात बसायची, आणि सहा फुटांचा तो माणूस घरी नातीला पेज भरवायचा. पुढे नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. चार वर्षांपूर्वी तोही गेला. घर रिकामं झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पोरी, राहायचं की माहेरी जायचं ते तू ठरव. जाणार असलीस तर सामान मी पोचवून देईन. राहणार असलीस तर मी आहे."

ती राहिली.

नव्या गावात रुजू व्हायला पंधरा दिवस होते. दलालाला तिने फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या. हॉस्पिटल जवळ हवं, पोरीची शाळा जवळ हवी, घर तळमजल्यावर हवं. चौथी गोष्ट कशी सांगायची ते तिला कळेना, म्हणून ती सांगितलीच नाही.

दलाल तोंडाने भलताच गोड होता. "काळजीच सोडा ताई. अगदी फॅमिली एरिया दाखवतो."

"फॅमिली एरिया म्हणजे काय हो?"

तो गोंधळला. हे त्याला कुणी विचारलं नसावं. "म्हणजे... शांतता. गेट. कॅमेरे. एकट्यादुकट्याला देत नाहीत. कुणाचा कुणाला त्रास नाही."

पहिलं घर हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवर होतं. एकसारख्या दहा इमारती, मध्ये हिरवळ, हिरवळीवर झोपाळे. तिची आठ वर्षांची पोरगी चिमी झोपाळ्यावर जाऊन बसली ती उतरायलाच तयार होईना. स्वयंपाकघरात ऊन येत होतं. तिलाही घर मनापासून आवडलं. बाबांनी मात्र खोल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते गेटापाशी उभे राहून रस्ता बघत होते.

"काय बाबा, कसं आहे?"

"वळण अरुंद आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मोठी गाडी एका दमात नाही वळायची."

दलाल खो खो हसला. तीही हसली. आणि हसता हसताच तिला वाटलं, घर बघून उपयोग नाही. बाबा घरात राहणारच नाहीत, ते बाहेर पडणार. बघायचं ते बाहेरचं.

तिने दलालाला कागदपत्रं आणायला पाठवलं, चिमीला झोपाळ्यावरच राहू दिलं आणि बाबांना म्हणाली, "ड्यूटीची वेळ झाली बाबा." बाबा निघाले. ती तीस पावलं मागे राहिली.

दहा इमारतींमधून बाबा फिरले. तीन दारांच्या घंटा वाजवल्या. एका दारातून कुणीतरी डोळा लावून पाहिलं आणि आतली कडी घातल्याचा आवाज आला. मग एका मोठ्या मोटारीच्या दाराशी जाऊन ते किल्लीची वाट बघत ताठ उभे राहिले, अगदी डेपोत राहायचे तसे. मोटारीचा मालक धावत आला. "ए, हात काढ! वॉचमन! हा माणूस आत आलाच कसा?" वॉचमनने बाबांचा दंड धरला. ती पळत गेली, माफी मागितली, बाबांना सोडवून आणलं. माणसं ओरडली त्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. बाबाच वॉचमनला म्हणाले, "माफ करा साहेब, गाडी चुकली माझी," ते ऐकून मात्र तिने चिमीला झोपाळ्यावरून उतरवलं.

दुसरी वस्ती शाळेला लागून. बैठी घरं, रस्त्याला दुतर्फा झाडं, रुंद फुटपाथ. शाळेच्या आवारातून मुलींचं गाणं ऐकू येत होतं. इथे कुणी ओरडणार नाही एवढं नक्की. बाबा चालू लागले, ती मागे. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फाटकं बंद, खिडक्यांना पडदे, मधूनच एखादी मोटार काच वर करून निघून जायची. बाबांच्या एका पायातला बूट कुठेतरी निघाला आणि ते एका पायात मोजा घालून तसेच पुढे गेले. तिने मुद्दाम बूट उचलून पिशवीत टाकला आणि बघत राहिली. व्यायाम करणारी दोघं त्यांना वळसा घालून धावत गेली. एक बाई फाटकाशी झाडांना पाणी घालत होती. तिने पाहिलं, पाण्याची नळी दुसऱ्या कुंडीकडे वळवली. पाऊण तासाने बाबा फुटपाथच्या कडेला बसले आणि पाय चोळू लागले. तेव्हा ती पुढे झाली, गुडघ्यावर बसून तिने त्यांना बूट घातला.

"तू कुठून आलीस गं?" त्यांनी विचारलं. त्यांना इतका आनंद झाला होता की तिला त्यांच्याकडे बघवेना.

तिसऱ्या ठिकाणी न्यायला दलाल नाखूश होता. "ते तुम्हाला नाही आवडायचं ताई. मागची गल्ली आहे. आवाज फार, आणि हॉस्पिटलला चालत पंचवीस मिनिटं." पण रुजू व्हायला चारच दिवस उरले होते.

गल्ली खरंच तशी होती. तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान, पुढे पिठाची गिरणी, मग एका पत्र्याखाली इस्त्रीचं टेबल, त्याच्यासमोर न्हाव्याची खुर्ची. घर म्हणजे सायकलच्या दुकानामागच्या दोन खोल्या. एका खोलीच्या खिडकीतून भिंत दिसायची, दुसरीला खिडकीच नव्हती. चिमीने नाक मुरडलं. "आई, इथे ऑईलचा वास येतो."

बाबा निघाले. ती मागे. सायकलवाल्याने मान वर केली, बाबांना पाहिलं, पुन्हा चाकात मान घातली. गिरणीपाशी पोती उतरवणाऱ्याने "जरा बाजूनं काका" म्हणत त्यांना वाट करून दिली. बाबा इस्त्रीच्या टेबलापर्यंत पोचले असतील नसतील, तोच टेबलामागच्या बाईने हातातली इस्त्री उभी केली. पन्नाशीची, काटक, मनगटावर भाजल्याचे जुने डाग.

"काय काका, कुठं निघालात?"

"पहिल्या गाडीला. उशीर झालाय."

"गेली की ती. आत्ताच गेली." बाईने टेबलाखालून एक स्टूल ओढलं. "बसा. दुसरी येईल. शर्टाची कॉलर बघा कशी झालीय, द्या इकडं, अशी कॉलर घेऊन गाडीवर जाणार?"

आणि बाबा बसले. शर्टाचं वरचं बटण काढून त्यांनी शहाण्या मुलासारखी मान पुढे केली. बाईने अंगावरच्या अंगावर हाताने कॉलर सारखी केली. मग मान वर करून तिने थेट तीस पावलं मागे पाहिलं.

"आणि तुम्ही हो ताई? गल्लीच्या तोंडापासून बघतेय, त्यांच्या मागं मागं का चालताय?"

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. ती पुढे गेली. काय सांगावं कळेना, म्हणून जे होतं ते सांगून टाकलं. सासरे आहेत, विसरतात, घर शोधतेय, कुठे कुणी त्यांना थांबवतं का ते बघतेय.

इस्त्रीवालीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा मऊ होईल असं वाटलं होतं, पण तो कडक झाला.

"म्हणजे लोकांची परीक्षा घ्यायला म्हाताऱ्याला रस्त्यावर सोडलंत? किती ठिकाणी?"

"दोन. हे तिसरं."

"पाय बघा त्यांचे. बुटाच्या वर मोजा रक्ताळलेला दिसतोय. तुमचं काय ते डोकं चालवा ताई, पण माणूस म्हणजे काही काठी नव्हे पाणी किती खोल ते बघायला."

तिने मान खाली घातली. बाई बोलत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं, तेही भर रस्त्यात, परक्या बाईपुढे, न्हाव्याच्या गिऱ्हाइकांदेखत. बाबा स्टुलावरून उठले आणि इस्त्रीवालीला म्हणाले, "तिला बोलू नका. चांगली मुलगी आहे ती."

घर त्याच दिवशी ठरलं.

नव्या हॉस्पिटलात तिचं नाव कुणी फारसं घेत नसे. सगळे एक्स-रेताई म्हणत. सकाळी आठला शिशाचा एप्रन अंगावर चढवला की दुपारी चारपर्यंत एकच पाढा. इकडे वळा, हनुवटी वर, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. गल्लीत मात्र सगळ्यांना मान बाबांचा. त्यांचे ते 'ड्रायव्हरसाहेब' झाले. सायकलवाल्याने दुकानापुढे त्यांच्यासाठी बाक टाकला. चाक फिरवायला दिलं की ते अर्धा अर्धा तास ते फिरवत, डुगडुगतंय का ते बारकाईने बघत, आणि कधी कधी खरंच सांगत, "डावीकडे ओढतंय." सायकलवाला म्हणायचा, ओढतच असतं. न्हावी आठवड्यातून दोनदा त्यांची दाढी करायचा. घरी त्यांनी स्वतःची हनुवटी कापून घेतल्यापासून त्याने वस्तरा आपल्याकडेच ठेवून घेतला होता. यातलं काही कुणी तिला विचारून केलं नाही.

पण चिमीचं काय? ते कुणी विचारलं नाही, आणि तिनेही बरेच दिवस स्वतःला विचारलं नाही. चिमीच्या वर्गातल्या मुली त्या दहा इमारतींत राहायच्या. त्यांच्याकडे ही जायची, पण आपल्या घरी कुणाला आणायची नाही. खिडकी नसलेल्या खोलीत दिवसाही दिवा लावून अभ्यास करायची. अकरा वर्षांची झाल्यावर एकदा भांडी पुसता पुसता ती शांतपणे म्हणाली, "आई, हे घर तू आजोबांसाठी निवडलंस. माझ्यासाठी नाही."

तिच्याजवळ दहा उत्तरं होती. शाळा दूर नाही, लोक चांगले आहेत, आजोबांनी तुला लहानपणी पेज भरवली. 

"हो," ती म्हणाली. "खरंय."

चिमीने ताट पुसून जागेवर ठेवलं. तिला बहुतेक भांडण हवं होतं, तेही मिळालं नाही. पुढे दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण घराचा विषय पुन्हा काढला नाही. आईच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी बाबा बाकावरून उठताना पडले. उंच माणूस, उभ्याचा आडवा झाला. सायकलवाल्याने हातगाडी मिळवली, आणि इस्त्रीवाली पेटती इस्त्री गिरणीवाल्याच्या हवाली करून त्यांच्यासोबत हॉस्पिटलात आली. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एक्स-रेताईने पुढच्या पेशंटसाठी दार उघडलं तर ढकलगाडीवर बाबा.

उजवा पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. खुबा मोडलाय हे फोटो काढायच्या आधीच तिला कळलं. सोबतचा सहकारी म्हणाला, "ताई, तुम्ही बसा, मी काढतो."

"नको. मीच काढते."

तिने एप्रन सारखा केला. बाबांना टेबलावर घेताना ते कळवळले, पण ओरडले नाहीत. आधी खुब्याचा फोटो झाला. मग ऑपरेशनसाठी छातीचा. तिने पाढा म्हटला. "श्वास घ्या. धरून ठेवा." बाबांनी इमानदारीत धरून ठेवला. "सोडा."

त्यांनी श्वास सोडला आणि तिच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक विनंती होती."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. घरी ओळखत, हे पांढरे कपडे आणि हा एप्रन यात ओळख हरवली असावी. किंवा तिलाही विसरायची वेळ आज आली होती.

"बोला," ती म्हणाली.

"माझी सून हेच काम करते. फोटो काढते. मोठ्या हॉस्पिटलात आहे." त्या वेदनेतही त्यांचा आवाज चढला. "तिला एवढं कळवाल? पण सावकाश सांगा. ती बोलत नाही, पण घाबरते."

"कळवते," ती म्हणाली.

"आणि सांगा, चूक माझी नव्हती. मी हळूच होतो."

"सांगते बाबा."

तिने यंत्राच्या काचेआड जाऊन पडद्यावरचा फोटो पाहिला. हाड मोडलेलं स्वच्छ दिसत होतं. फोटोला खूण केली, तारीख घातली, डॉक्टरांकडे पाठवला. मग सहकाऱ्याला म्हणाली, "आता बसते जरा," आणि भिंतीला टेकून खालीच बसली. चिमीला शाळेतून आणायचं होतं ते ती विसरून गेली. त्या दिवशी चिमीला कुणी आणलं, तर न्हाव्याने. सायकलच्या दांडीवर बसवून.

ऑपरेशन झालं, पण बाबा पुन्हा चालले नाहीत. पुढे चार महिने ते खिडकीच्या खोलीत पलंगावर होते. ती कामावर जाई तेव्हा गल्लीने आपापसात वेळा वाटून घेतल्या. कोण बसलं, कोणी कुशी बदलली, कोणी पाणी पाजलं, ते ती घरी आली की चिमी सांगायची. चिमी स्वतः शाळेतून आली की आजोबांना चमच्याने पेज भरवायची. हे तिला कुणी करायला सांगितलं नव्हतं. एका दुपारी, चिमीच्याच हातून दोन चमचे घेऊन, त्यांनी तिसऱ्याला मान फिरवली आणि गेले. दीर आले, बाक बघून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, मी त्यांना त्या संस्थेत ठेवलं असतं."   तिने भाऊजींच्या हातावर हात ठेवला.

दोन महिन्यांनी तिने चिमीला विचारलं, "आता तू सांग. कुठे राहायचं?"

चिमी जे सांगणार होती ते सांगायची तिला लाज वाटत असावी. शेवटी म्हणाली, "शाळेजवळ. झाडं आहेत तिथे. आई, मला खिडकी हवीय."

"बरं," आई म्हणाली.

सगळ्यांत अवघड होतं ते इस्त्रीवालीला सांगणं. तीन दिवस तिने टाळलं. चौथ्या दिवशी कपड्यांचं गाठोडं पुढे सारून खालमानेनं सांगून टाकलं. म्हातारा होता तोवर गल्ली हवी होती, आता निघालो, असंच दिसतं, हेही म्हणाली.

"दिसू दे की," इस्त्रीवाली म्हणाली. "दिसलं तर काय होतं? पोरीचं वय वाढतंय, तिला उजेड नको? तुम्ही काय इथं जन्म काढायला आला होतात?" तिने एक शर्ट ओढून टेबलावर पसरला. पाण्याचा हबका मारला. थोड्या वेळाने म्हणाली, "जायच्या आधी त्यांचा एक शर्ट द्या मला. माझ्या म्हाताऱ्याला होईल."

तिने तीन शर्ट दिले. एक स्वतःकडे ठेवला.

शाळेजवळच्या घराला दोन खिडक्या आहेत. चिमी आता कॉलेजात जाते, आईपेक्षा वीतभर उंच झाली आहे. एक्स-रेताई विभागाची प्रमुख झाली. नव्याने रुजू होणाऱ्या पोरी तिला विचारतात, ताई, घर कुठे बघू, कुठला भाग चांगला? ती त्यांना तीन-चार वस्त्यांची नावं सांगते, आणि सांगते की आधी रस्त्यावर तासभर उभ्या राहून बघा, पण एकट्याच जा, घरातल्या कुणाला सोबत नेऊ नका. का, ते त्या विचारत नाहीत.

शनिवारी कामावरून सुटल्यावर ती अजून मागच्या गल्लीत जाते. तिच्या घराशेजारीही इस्त्रीवाला आहे, पण कपडे ती इकडेच आणते. इस्त्रीवालीचे गुडघे आता दुखतात. मागच्याच महिन्यात एक्स-रेताईने तिला बळेच हॉस्पिटलात नेऊन दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले. हाडं झिजली आहेत, उभं राहून काम करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. इस्त्रीवाली ऐकत नाही. त्यावरून दोघींचं दर शनिवारी चांगलं अर्धा तास भांडण होतं.